जाहिरातीखाली काय असतं?

आमच्या ऑफिसात मॅचच्या दिवशी कोणी रजा मागत नाही. मागितली तरी मिळत नाही. पुण्यातल्या एका कंपनीत मी व्हिडिओ प्लेअरच्या टेस्टिंगचं काम करते. प्लेअर म्हणजे वेबसाइटवरच्या ज्या चौकोनात सामना दिसतो तो चौकोन. आम्ही तो बनवतो, स्ट्रीमिंगवाले वापरतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ब्रेव्ह, ओपेरा, झालंच तर सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर, या सगळ्यांत तो नीट चालतो का हे बघायचं, आणि चालत नसेल तर का चालत नाही ते डेव्हलपरच्या गळी उतरवायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड.

टॉस झाला की तिकिटं यायला लागतात. तक्रारीला आमच्यात तिकीट म्हणतात. "स्क्रीन काळी आहे." "गोल गोल फिरतंय." "आवाज येतोय, चित्र नाही." "पैसे भरलेत, सामना दिसत नाही, पैसे परत करा." ब्राउझर कोणता, हे क्वचितच कोणी लिहितं. काळ्या स्क्रीनच्या तिकिटामागे बऱ्याचदा ॲड-ब्लॉकर निघतो. विचारलं तर माणूस शपथेवर सांगतो की मी असलं काही लावलेलं नाही. तो खोटं बोलत नसतो. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय मुळातच असते, ओपेरात ती एका बटणावर असते, आणि कितीतरी घरांत मुलगा वडिलांच्या लॅपटॉपवर यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर टाकून हॉस्टेलला निघून गेलेला असतो. हल्ली जाहिराती जरा कमी झाल्यात, एवढंच वडिलांना जाणवतं.

स्क्रीन काळी का पडते ते आधी सांगते. वेबवरच्या व्हिडिओत जाहिरात दाखवायची जुनी रीत सरळ आहे. प्लेअर आधी जाहिरातीची स्क्रिप्ट मागवतो. पुष्कळ ठिकाणी ती गूगलची आयएमए असते. ती स्क्रिप्ट जाहिरातीच्या सर्व्हरला विचारते, आहे का काही? सर्व्हर 'व्हास्ट' नावाच्या ठरलेल्या नमुन्यात उत्तर देतो: ही फाइल लाव, इतके सेकंद चालेल, बघून झाली की या पत्त्यावर कळव. मूळ व्हिडिओ थांबतो, त्याच्यावर दुसरा येतो, संपला की बाजूला होतो. म्हणजे जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून येते, आणि तो पत्ता ब्लॉकरला ठाऊक असतो. इझीलिस्टसारख्या याद्यांमध्ये असे हजारो पत्ते स्वयंसेवकांनी नोंदवून ठेवलेत, आणि रोज त्यांत भर पडत असते.

पत्ता अडला की ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या स्क्रिप्टची ओळ लाल होते आणि पुढे शेरा येतो, 'ब्लॉक्ड बाय क्लायंट'. नीट लिहिलेला प्लेअर म्हणतो, बरं, जाहिरात नाही तर नाही, सामना दाखवू. घाईत लिहिलेला प्लेअर स्क्रिप्टची वाट बघत बसतो. झाली स्क्रीन काळी. प्रेक्षक वेबसाइटला नावं ठेवतो, वेबसाइट ब्लॉकरला, आणि मूळ दुखणं असतं कोणीतरी लिहायचा राहून गेलेला चार ओळींचा एरर हँडलर.

चांगला ब्लॉकर ही वेळच येऊ देत नाही. यूब्लॉक ओरिजिन नुसता पत्ता अडवून थांबत नाही. आयएमएच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी पोकळ स्क्रिप्ट ठेवतो. प्लेअर विचारतो, ती म्हणते, झाली जाहिरात, चला पुढे. फायरफॉक्सच्या कडक ट्रॅकिंग-संरक्षणातही असाच एक तोतया बसवलेला आहे. मला ही युक्ती फार आवडते. प्लेअर बनवणाऱ्यांनी जी काळजी घ्यायला हवी होती ती ब्लॉकर बनवणाऱ्यांनी घेतली, तीही फुकट.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मावशी, तीन-तीन ब्लॉकर टाकलेत, तरी काळंच दिसतंय."

"तीन टाकलेस म्हणूनच."

त्याला ते पटेना. मग स्क्रीन शेअर करायला लावून दाखवलं. एक ब्लॉकर पोकळ स्क्रिप्ट पुढे करत होता आणि दुसरा ती विनंतीच रद्द करत होता. ब्राउझरच्या नियमात रद्द करणाऱ्याचं म्हणणं वरचढ ठरतं. शहाणा ब्लॉकर हरला, आडदांड जिंकला, आणि प्लेअर वाट बघत बसला. दोन काढून टाकल्यावर व्हिडिओ सुरू झाला.

पण हे सगळं जुन्या रीतीबद्दल झालं. मोठ्या लाइव्ह सामन्यात जाहिरात आता बहुतेक व्हिडिओच्या वर येत नाही, व्हिडिओतच शिवलेली असते. याला आमच्याकडे सर्व्हर-साइड इन्सर्शन म्हणतात, बोलताना नुसतं 'स्टिचिंग'. लाइव्ह चित्र ब्राउझरकडे अखंड येत नाही, दोन ते सहा सेकंदांच्या तुकड्यांनी येतं. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत प्लेअरला एक साधी मजकुराची फाइल मिळते, प्लेलिस्ट. तिच्यात ताज्या काही तुकड्यांचे पत्ते ओळीने दिलेले असतात. दर काही सेकंदांनी प्लेअर ती फाइल पुन्हा मागवतो. वरच्या ओळी गळतात, खाली नव्या येतात.

सामना चालू असताना मी सामना बघत नाही, ही फाइल बघते. षटकाचा शेवटचा चेंडू पडतो. तुकड्यांचे क्रमांक एकेकाने वाढत असतात, आणि मग एक ओळ उगवते: 'डिसकंटिन्युइटी'. प्लेअरला दिलेली सूचना की इथून पुढचं चित्र दुसरीकडून आलंय, घड्याळ नव्याने लाव. शेजारीच 'क्यू-आउट' आणि सेकंदांचा आकडा. खाली अगदी वेगळ्या नावांचे तुकडे: पंखे, सिमेंट, पानमसाल्यावाल्यांची वेलची. मग पुन्हा डिसकंटिन्युइटी, 'क्यू-इन', आणि क्रमांक मूळ पदावर. बऱ्याचदा सामन्याचे तुकडे कुलूपबंद असतात, म्हणजे डीआरएमने एन्क्रिप्ट केलेले, आणि जाहिरातीचे उघडे. चोरून न्यावी अशी ती वस्तूच नव्हे.

ही अदलाबदल सुरू होते ती प्रक्षेपणाच्या कंट्रोल रूममध्ये. तिथे बसलेला माणूस बटण दाबतो, सिग्नलमध्ये एससीटीई-३५ नावाची खूण उमटते आणि सर्व्हर त्या खुणेपाशी कात्री लावतो. मालिकेत किंवा सिनेमात या खुणा आधीच मारून ठेवता येतात. क्रिकेटमध्ये विकेट कधी पडेल ते कोणाला माहीत? दोन षटकांच्या मधली जागा तरी केवढी. त्यात फिरकी गोलंदाज घाईत असला तर दहा सेकंदांची आणखी एक जाहिरात बसेल की नाही याचा अंदाज त्या माणसाने डोळ्यांनी घ्यायचा असतो. पुढच्या षटकाचा पहिला चेंडू जाहिरातीत बुडाला की घराघरांतून ज्याचा उद्धार होतो, तो हा. तो बिचारा दिवसभर एका बटणावर बोट ठेवून बसलेला असतो, आणि चुकला तरच लोकांच्या लक्षात येतो.

आता यात ब्लॉकरने करायचं काय? तुकडे पुष्कळदा एकाच सर्व्हरवरून येतात. पत्ता अडवावा तर सामनाच अडतो. इझीलिस्टचे हजारो पत्ते इथे कुचकामी. उरतो मुख्यतः एक मार्ग: प्लेलिस्ट प्लेअरच्या हाती पडायच्या आत तिच्यातल्या जाहिरातीच्या ओळी खोडायच्या. यूब्लॉकमध्ये नेमकं हेच करणारं एक हत्यार आहे. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर ते झकास चालतं. ओळी खोडल्या की प्लेअर सरळ पुढच्या तुकड्यावर उडी मारतो; मध्ये काही होतं याचा मागमूस राहत नाही.

लाइव्हवर मी हे करून पाहिलं, कामाचाच भाग म्हणून. जाहिरातीचे तुकडे खोडले आणि प्लेअरकडे दाखवायला काही उरलंच नाही, कारण पुढचा चेंडू अजून पडलाच नव्हता. पुढचा तुकडा कुठून आणणार? चाक फिरत राहिलं, जाहिरातीचे सेकंद संपेपर्यंत. कधी कधी प्लेअर असा रुसला की पान रिफ्रेश करावं लागलं, आणि रिफ्रेश केल्यावर सुरुवातीची जाहिरात पुन्हा नव्याने लागली. लाइव्हमध्ये जाहिरात उडवून वेळ वाचत नाही. वेळ तिथे नसतोच.

भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग जाहिरातीखाली जे चाललंय ते दाखव ना." प्रश्न त्याने सहज विचारला, पण माझ्या सगळ्या कामाची किल्ली त्यात आहे. ब्लॉकर चालतो की नाही, हे विचारण्याआधी जाहिरातीखाली काय आहे ते विचारायला हवं.

क्रिकेटच्या वेब-प्रक्षेपणात बहुधा खाली काही नसतं. जाहिरातदार मिळाला नाही तर काय दिसतं ते तुम्ही पाहिलंच असेल: 'थोड्याच वेळात परत येत आहोत' अशी पाटी आणि तेच तेच वाजणारं संगीत. आम्ही तिला स्लेट म्हणतो. एखाद्याने जिवापाड खटपट करून जाहिरात उडवली तरी हाती येणार ते फिरतं चाक, नाही तर ही पाटी. सलग तीन षटकं ती बघितली की माणूस स्वतःहून म्हणतो, त्यापेक्षा पंखे बरे. आपल्याकडच्या महागड्या प्लॅनमध्येही 'जाहिरातमुक्त' या मोठ्या अक्षरांखाली 'लाइव्ह खेळ वगळून' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. लोक त्यावर चिडतात. बारीक अक्षरांवर चिडायला हरकत नाही, पण जाहिरातीचा तो वेळ मोकळा करून दिला असता तरी तिथे दाखवायला फारसं काही नव्हतं.

ट्विचवर मात्र उलट. तिथे कोणी बुद्धिबळ खेळतंय, कोणी व्हिडिओ गेम, आणि हजारो लोक ते थेट बघतायत. खेळणाऱ्याच्या खोलीत षटकं नसतात. तुमच्यापुढे जाहिरात लागते आणि खाली खेळ चालूच असतो. ब्लिट्झचा डाव असेल तर परत येईपर्यंत वजीर गेलेला असतो. कधी कोपऱ्यात चित्र लहान करून, आवाज बंद करून ठेवतात, पण चॅनेल उघडल्या उघडल्या लागणाऱ्या जाहिरातीला तेवढीही सवलत नाही. इथे प्रेक्षकाचा राग मला शंभर टक्के पटतो. लाइव्ह म्हणून विकायचं आणि लाइव्हच झाकायचं, याला काय म्हणावं?

म्हणून लाइव्ह जाहिरातींची खरी झुंज ट्विचवर झाली. ट्विचने २०१६ मध्ये 'शुअरस्ट्रीम' या नावाने जाहिराती प्रवाहातच शिवायला सुरुवात केली; २०१८ मध्ये ॲमेझॉन प्राइमवाल्यांना मिळणारी जाहिरातमुक्त सवलतही काढली. ट्विचची मालकी ॲमेझॉनकडेच, २०१४ पासून. मग लोकांनी डोकी लढवली. जाहिरात लागली की तेवढ्यापुरती त्याच चॅनेलची दुसरी, कमी दर्जाची, जाहिरात नसलेली प्लेलिस्ट मागवायची आणि गुपचूप ती लावायची. चित्र धूसर होतं, पण खेळ सुटत नाही. खाली काहीतरी आहे म्हणूनच ही युक्ती चालते. क्रिकेटवर ती चालवायला जागाच नाही. ट्विचने उत्तर म्हणून ब्लॉकरवाल्यांना काही काळ जांभळी पाटी दाखवली, प्लेअरचं काम पानापासून वेगळ्या 'वर्कर'मध्ये, म्हणजे मागे स्वतंत्र चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, नेलं. लोकांनी वर्कर सुरू होण्याच्या क्षणीच त्यात आपला कोड घुसवला. दोन्ही बाजूंचा कोड वाचताना मला तटस्थ राहता येत नाही. इतकी सुबक कारागिरी आमच्या ऑफिसात रोज बघायला मिळत नाही.

राहिला ब्राउझरचा प्रश्न, जो मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो: "कोणत्या ब्राउझरवर जाहिराती येत नाहीत गं?" ब्राउझर बदलला तरी जाहिरात तीच असते. एक्स्टेंशनला, म्हणजे ब्लॉकरसारख्या वरून जोडलेल्या प्रोग्रामला, किती हात घालू द्यायचा, एवढंच बदलतं.

फायरफॉक्स सगळ्यांत मोकळा. सर्व्हरकडून आलेलं उत्तर पानापर्यंत पोचायच्या आत एक्स्टेंशनला ते उघडून, वाचून, बदलून पुढे पाठवता येतं. ही सोय क्रोममध्ये कधीच नव्हती. क्रोमने त्यापुढे जाऊन एक्स्टेंशनसाठी नवी नियमावली आणली, मॅनिफेस्ट व्ही-थ्री. पूर्वी एक्स्टेंशन प्रत्येक विनंती पाहून जागच्या जागी निर्णय घ्यायचं. आता नियमांची यादी आधी क्रोमकडे द्यायची, अडवायचं काम क्रोम करणार. जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेली, त्यात यूब्लॉक ओरिजिनही गेलं. त्याची हलकी आवृत्ती, 'लाइट', तेवढी उरली. जगातली सगळ्यांत मोठी जाहिरात कंपनी आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर एकाच मालकाचे आहेत, त्यामुळे लोकांनी जे बोलायचं ते बोललेच. सुरक्षेचं जे कारण गूगलने दिलं तेही अगदीच खोटं नाही. त्याकडे पुढे येते. आमच्या कामापुरतं सांगायचं तर लाइव्हवर या बदलाने आभाळ कोसळलं नाही, कारण शिवलेल्या जाहिरातीवर पत्त्यांची यादी आधीही चालत नव्हती. पानात स्क्रिप्ट घुसवून प्लेलिस्ट पकडायचा मार्ग क्रोमवर अजूनही आहे, आणि ट्विचसाठी बनलेली बरीच हत्यारं त्याच मार्गाने जातात.

आयफोनची तऱ्हा निराळी. तिथे पुष्कळ वेबसाइट प्लेलिस्टचा पत्ता थेट व्हिडिओच्या चौकोनाला देतात आणि पुढचं वाचन, तुकडे आणणं, सगळं ॲपलची यंत्रणा आत करते. पानातल्या स्क्रिप्टला ती फाइल दिसतच नाही, मग ती खोडणार काय? क्रोमचं किंवा फायरफॉक्सचं ॲप घेतलं तरी आपल्याकडच्या आयफोनवर आत इंजिन ॲपलचंच, वेबकिट. मॅकवर फायरफॉक्समध्ये जमलेली करामत फोनवर का जमत नाही, असं विचारणारे या भिंतीवर येऊन आदळलेले असतात. सफारीत २०१५ पासून कंटेंट ब्लॉकर आहेत आणि बातम्यांच्या वेबसाइटवर ते उत्तम काम करतात. लाइव्ह सामन्यावर नाही.

एक गोष्ट मात्र बाहेरच्या लोकांना माहीत नसते, आणि ती सगळ्या ब्राउझरना लागू आहे. लाइव्हमध्ये शिवलेली जाहिरात ब्लॉकरला सहसा काढता येत नाही, पण ती पाहिली गेल्याची वर्दी बऱ्याच ठिकाणी ब्राउझरमधूनच जाते: सुरू झाली, पाव झाली, अर्धी झाली, पूर्ण झाली. या वर्द्या वेगळ्या पत्त्यावर जातात आणि ब्लॉकर त्या बरोबर अडवतो. म्हणजे प्रेक्षकाने जाहिरात पूर्ण पाहिली, पण हिशेबात ती कोणी पाहिलीच नाही. बघणाऱ्याला त्रास झाला तो झाला, दाखवणाऱ्याला पैसेही मिळाले नाहीत. रिपोर्टमधले आकडे जुळेनात की आमच्याकडे विचारणा होते, आणि मी नेटवर्क टॅबमधल्या लाल ओळींचा स्क्रीनशॉट पाठवते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी वर्दी आता सर्व्हरच देतो. पण सर्व्हरला कळतं ते तुकडा पाठवल्याचं. समोर माणूस होता की तो चहा टाकायला उठला होता, ते त्याला कसं कळणार?

मी जाहिरातींच्या पैशावर चालणाऱ्या धंद्यात आहे आणि घरच्या फायरफॉक्सवर यूब्लॉक आहे. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत आहे. बहुतेकांकडे तेच आहे. त्यात मला विसंगती वाटत नाही. ब्लॉकर हा गुन्हाही नाही; ॲडब्लॉक प्लस या ब्लॉकरवर जर्मनीत जो मोठा खटला झाला त्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये ती अनुचित स्पर्धा नसल्याचं सांगितलं. मला काळजी आहे ती दुसरीच. लाइव्हच्या जाहिरातीला कंटाळलेला माणूस शोधता शोधता कुठल्याशा अनोळखी एक्स्टेंशनपाशी पोचतो. ते टाकताना ब्राउझर विचारतो, 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची' परवानगी द्यायची का? तो 'हो' म्हणतो. त्याच ब्राउझरमध्ये त्याची बँक आहे. गूगलचं सुरक्षेचं कारण अगदीच खोटं नाही म्हटलं, ते यासाठी. काही युक्त्या तर तुमची प्लेलिस्ट दुसऱ्या देशातल्या कोणाच्यातरी सर्व्हरमार्गे मागवतात, कारण तिथे त्या चॅनेलला जाहिराती लागत नाहीत. तो सर्व्हर कोणाचा आणि तो फुकट का चालवतोय, हे विचारायचं भान डाव रंगात आला असताना कोणाला असतं?

तेव्हा ब्लॉकर ठेवायचाच असेल तर एकच ठेवा, त्याचा कोड जाहीर असलेला ठेवा, आणि तो ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. ट्विचवर एखाद्याचा खेळ रोज बघत असाल तर त्याच्या चॅनेलची वर्गणी भरा. बहुतेक चॅनेलवर वर्गणीदारांना जाहिराती लागत नाहीत आणि खेळणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळतो. क्रिकेटला मात्र इलाज नाही. षटक संपलं की उठून पाणी पिऊन या. आणि मॅचच्या दिवशी स्क्रीन काळी पडली तर आधी ब्लॉकर बंद करून पान पुन्हा उघडा. तरी काळीच राहिली तर तिकीट जरूर टाका, आम्ही बसलेलोच असतो. फक्त त्यात ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती लिहा.